गणपतीत जुळलं, शिमग्यात सुटलं

आयटीआयचा कारपेंटर ट्रेड करून मामाच्या वर्कशॉपला लागलो, तेव्हा पहिलं स्वतःच्या अंगावर घेतलेलं काम म्हणजे वेंगुर्ल्याजवळच्या एका जांभ्याच्या घरात हॉलला छताखाली ४ इंची सागवानी मोल्डिंग, म्हणजे भिंत आणि छत मिळतात तिथली नक्षीची पट्टी, आणि पाहिजे कधी तर गणपतीआधी. आपल्याकडे सगळ्यांना सगळंच गणपतीआधी पाहिजे असतं. कोपरे ४५ अंशात कापून असे जुळवले की नख शिरणार नाही. शिमग्याला गेलो तर घरातली आजी वर बोट दाखवून म्हणते, "झिला, ही फट खंयसून इली रे?"

मला वाटलं पट्टी लांबीला आक्रसली. सगळी नवीन पोरं हेच म्हणतात, पण लाकूड लांबीला जवळजवळ हलतच नाही, हलतं ते रुंदीत. आता हिशोब बघा, पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या घरात लाकूड १८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतं, पाऊस सरला की उतरून १२ च्या आसपास येतं, तेवढ्यात १०० मिमी रुंद सागवान १ मिमीहून थोडं जास्त बारीक होतं. कोपऱ्यात तेवढं खालूनही दिसतं. आणि हे सागवानाचं, जे मुळात कमी हलणारं लाकूड!

म्हणून वखारीत मी पट्टीचं टोक बघतो. लाकडाच्या वाढीच्या रेषा रुंद बाजूला काटकोनात उभ्या असतील तर तो नग आपल्यासाठी निवडायचा, तो जवळपास निम्माच हलतो. ४ इंची एकच घेण्यापेक्षा २ इंचीच्या दोन, एकीची कड दुसरीखाली सरकेल अशा, मध्ये फेविकॉल नाही. एमडीएफ स्वस्त पडतं पण कौलातून एकदा गळलं की फुगतं ते परत बसत नाही, सो मी घेतच नाही.

माल आला की लगेच ठोकायचा नाही. त्याच खोलीत मध्ये हवा खेळायला चिपा, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे, घालून दोन आठवडे ठेवायचा, ओलावा मीटरने बघायचा. पॉलिशचा हात चारी बाजूंनी, मागून पण, कारण जांभ्याची भिंत मागून ओल देत राहते आणि एकाच बाजूने पॉलिश असलं की पट्टी वाकते.

आतल्या कोपऱ्यात ४५ चा नाद सोडा. एक पट्टी सरळ भिंतीला भिडवा, दुसरीचं टोक पहिलीच्या नक्षीप्रमाणे बारीक करवतीने कोरून तिच्यावर बसवा, मग थोडं हललं तरी फट तोंडावर येत नाही. हे हाताला बसायला मला दोन महिने लागले, भंगार पट्ट्यांवरच शिका. स्क्रू फक्त भिंतीच्या बाजूने, छताची कड मोकळी, आणि स्क्रू स्टेनलेसचेच, खाऱ्या हवेत लोखंडी गंजून लाकडावर काळे डाग पडतात.

काम दिवाळीनंतर घ्यायचं. मालक गणपतीच धरून बसला तर दोन पट्ट्यांत एकीखाली झाकला जाणारा भागही आधी पॉलिश करून लावतो, नाहीतर उन्हाळ्यात तिथे कोऱ्या लाकडाची पांढरी रेघ उघडी पडते. आजीकडचे चारही कोपरे नंतर मी फुकटात कोरून दिले.