विमानाला किती तास लागतील? अंतरावरून स्वतःच काढा

लंडनहून सकाळी १०ला निघून दुपारी १ला न्यूयॉर्क. तिकिटावर असं वाचलं की तीन तासांचाच प्रवास वाटतो. प्रत्यक्षात बसायचं असतं आठ तास. हा हिशेब हाताने करता येतो. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी विमानतळ पक्का करा. नुसतं ‘लंडन’ चालत नाही. हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड सगळी लंडनचीच. आपण हीथ्रो (५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम) आणि न्यूयॉर्कचं जेएफके (४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम) घेऊ.

आता अंतर. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो उत्तरेकडे फुगून जातो, आणि जवळची वाट तीच. आकड्यांत सांगायचं तर दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.५०९५. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा (७३.३३) कोसाइन, या तिघांचा गुणाकार: ०.१३५६. बेरीज ०.६४५१. तिचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) ४९.८ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणजे सुमारे ५,५४० किलोमीटर. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे धरायचे. उत्तर भलतंच आलं तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) आहे का ते बघा. नव्वद टक्के घोळ तिथेच असतो.

वेळेसाठी ताशी ९०० किलोमीटर धरा: सहा तास दहा मिनिटं. चढणं, उतरणं आणि धावपट्टीपर्यंतचं रांगणं यांचा एक तास वर टाका. वेळापत्रकातली वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, म्हणून हा तास विसरायचा नाही.

खरी गंमत वाऱ्याची. साधारण दहा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर वेग ८०० उरतो आणि न्यूयॉर्कला जायला आठ तास होतात. परतताना तोच वारा पाठीशी, की साडेसहा. फेब्रुवारी २०२०मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार होऊन एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं.

काही मार्गांवर मात्र गणित बरोबर येऊनही वेळ चुकते. २०२२मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेरा तासांवर गेला. अंतर तेच, वळसा मोठा.

शेवटी तिकिटाशी ताळा. तिकिटावर त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. दोन्ही वेळा यूटीसीत (जगभर एकच धरलेली प्रमाणवेळ) बदला, मग वजाबाकी करा. लंडन–न्यूयॉर्क फरक एरवी पाच तास, पण अमेरिकेत घड्याळं मार्चमध्ये ब्रिटनच्या आधी पुढे सरकतात, त्यामुळे दोन-तीन आठवडे तो चारच असतो.