बाईला डाकीण ठरवताहेत: मध्ये कधी पडायचं, फिर्याद कशी लिहायची

सातपुड्यात डाकीण, पालघर-नाशिककडे भुताळी, कोकणात चेटकीण. नावं वेगळी, ठरवायची रीत जवळपास एकच. मूल दगावतं किंवा दुभती म्हैस आटते, घरचे भगताकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे जातात, तो दाणे पाहतो, म्हणजे धान्याचे दाणे टाकून दोष कोणाचा ते सांगतो. पुष्कळदा तो नाव घेत नाही. दिशा, वय, नातं सांगत जातो आणि नाव घरच्यांच्याच तोंडून वदवतो. मग पंच बसतात. मध्ये पडायचं ते दाणे पाहिल्यावर, पंच बसायच्या आत. बाई विधवा असेल तर तिच्या जमिनीचा सातबाराही काढून ठेवा. वाद कशाचा आहे हे कधीकधी तिथेच दिसतं.

पूर्वी माळवा-मेवाडात संशयित बाईला पाण्यात टाकून पारख करत: बुडाली तर निर्दोष, तरंगली तर डाकीण. मेवाडात 1853 मध्ये या छळावर बंदी आली. तरी महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याला अनुसूचीच्या पहिल्याच बाबीत मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, केस उपटणं असं एकेक नोंदवावं लागलं. 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात वणी खुर्दला भर चौकात म्हाताऱ्या माणसांना बांधून मारलं, तेव्हा हा कायदा येऊन आठ वर्षं झाली होती.

जमाव जमत असेल तर 112 ला फोन करा आणि बाईला आधी गावाबाहेर काढा. फिर्याद कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने (‘झिरो एफआयआर’) देता येते, हद्दीचा वाद घालत बसू नका.

खरं नुकसान होतं ते फिर्यादीच्या मजकुरात. ‘जुन्या भांडणातून मारहाण’ असं लिहिलं गेलं की जादूटोण्याचा कायदाच लागत नाही. म्हणून कोण, कुठे, कोणासमोर, नेमकं काय बोललं ते पावरी किंवा भिली अशा तिथल्या बोलीतल्याच शब्दांत लिहा, पुढे मराठी अर्थ. जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतली बाब 6 पाहा: अमकी करणी करते, मंत्राने जनावराचं दूध आटवते, रोगराई आणते असं जाहीर करून तिचं जगणं कठीण करणं हाच गुन्हा आहे. त्यासाठी एक चापटही पडलेली असावी लागत नाही, आणि ठाण्यात हेच सांगावं लागतं. मारहाण, नग्न धिंड किंवा रोजच्या व्यवहारावर बंदी असेल तर बाब 7. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5,000 ते 50,000 रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्यामुळे ‘एनसी’ची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची चिठ्ठी हातात घेऊन परतू नका. नोंद नाकारली तर तीच फिर्याद रजिस्टर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपा.

आरोपींत भगत हवाच. मारणारे सगळे येतात आणि दाणे पाहणारा सुटतो, हे नेहमीचं.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातही चेटकीण म्हणून छळण्याचं कलम आहे, पण आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचे असतील तर ते लागत नाही. सातपुड्यात दोन्ही बाजू बहुधा आदिवासीच असतात. त्या कलमासाठी दिवस घालवू नका. विहीर, गिरणी, दुकान बंद केलं असेल तर तारखा टिपा. जातीने वाळीत टाकलं असेल तर 2016 च्या सामाजिक बहिष्कार कायद्याने 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी करा, वळ लवकर फिके पडतात. फाटलेले, रक्ताचे कपडे वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते. समझोत्याचा दबाव पुढे येतोच, त्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब नोंदवण्याची मागणी करा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 183). मोफत वकिलासाठी 15100 ला फोन करा.

आणि जिच्यावरून हे उठलं त्या म्हशीला जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. पुष्कळदा कासदाह, म्हणजे कासेचा आजार निघतो. डॉक्टरांनी सडाला सूज दाखवली की तिथे उभं असलेलं घर निदान त्या दिवशी तरी भगताकडे परत जात नाही.