फेडरेटेड चर्चासमूह चालवताय? या चुका टाळा

फेडरेटेड चर्चासमूह म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, पण एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांवर पसरलेला समूह. आमच्या सर्व्हरवरच्या एका सदस्येचा एकदा निरोप आला : "तीन दिवस झाले, माझ्या एकाही पोस्टला बाहेरच्या कोणी उत्तर दिलेलं नाही. मी काही चुकीचं लिहिलंय का?" आम्ही तिची पोस्ट उघडली. व्यवस्थित दिसत होती. सर्व्हर चालू, पानं झरझर उघडतायत, मेमरी शिल्लक. मग आमच्यातल्या एकाने दुसऱ्या सर्व्हरवरच्या आपल्या खात्यातून तोच समूह उघडला, तर तिथे शेवटची पोस्ट तीन दिवसांपूर्वीची! कारण सापडायला तासभर गेला. आम्ही मशीन स्नॅपशॉटवरून, म्हणजे साठवलेल्या जुन्या प्रतीवरून, पुन्हा उभं केलं होतं आणि वेळ जुळवणारी एनटीपी सेवा सुरूच झाली नव्हती. घड्याळ दोन तास मागे. तिने नुकतीच टाकलेली पोस्ट 'दोन तासांपूर्वी' अशी दिसत होती, आणि रोज पाहूनही ते आमच्या नजरेत भरलं नव्हतं.

मॅस्टोडॉन, लेमी, पाइफेड, एमबिन ही असे सर्व्हर चालवणारी सगळी सॉफ्टवेअर-मंडळी ॲक्टिव्हिटीपब या भाषेत एकमेकांशी बोलतात. २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ती मानक म्हणून स्वीकारली. यात प्रत्येक निरोपावर पाठवणाऱ्या सर्व्हरची सही असते आणि सहीसोबत वेळ असते. वेळ फारच मागची वाटली की समोरचा सर्व्हर निरोप नाकारतो. नाकारल्याचं तुमच्या सदस्याला कोणी सांगत नाही.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक : फक्त आतून पाहणं

फेडरेशन (सर्व्हरांमधली देवाणघेवाण) बिघडतं तेव्हा घरात सगळं ठीकठाक असतं. म्हणून किमान दोन वेगळ्या सर्व्हरवर, शक्यतो वेगवेगळ्या सॉफ्टवेअरवर, आपली खाती ठेवा आणि तिथून आपला समूह पाहायची सवय लावा. तक्रार आली की आम्ही साधारण या क्रमाने जातो.

आधी घड्याळ. मग बाहेरच्या मशीनवरून, कर्ल ही आज्ञा वापरून, आपल्याच एखाद्या पोस्टचा पत्ता मागतो, पण ब्राउझरसारखा नाही. 'मला ॲक्टिव्हिटी-जेसन (सर्व्हरांना वाचता येणारा मजकूर) हवंय' असं विनंतीच्या ॲक्सेप्ट हेडरमध्ये सांगून. उत्तरात जेसन आलं तर ठीक. सजवलेलं वेबपान आलं तर गडबड एनजिन्क्समध्ये, म्हणजे येणारी विनंती योग्य प्रोग्रॅमकडे वळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आहे. लेमीत ही चूक फार होते, कारण तिथे माणसांसाठीचं पान एक प्रोग्रॅम देतो आणि सर्व्हरांसाठीचं उत्तर दुसरा; कोणाला कुठे पाठवायचं हे एनजिन्क्स त्या हेडरवरूनच ठरवतं. आणि उत्तरात 'तुम्ही माणूस आहात का' असं विचारणारं पान आलं, तर समोर लावलेलं बॉटविरोधी संरक्षण दुसऱ्या सर्व्हरांनाच अडवतंय. बिचारा सर्व्हर त्या चौकटीत टिक कशी करणार? इनबॉक्सचे पत्ते (जिथे दुसऱ्या सर्व्हरांचे निरोप येतात) आणि ॲक्टिव्हिटी-जेसन मागणाऱ्या विनंत्या त्या तपासणीतून वगळा.

हे सगळं बरोबर असेल तर बाहेर जायच्या निरोपांची रांग पाहा. मॅस्टोडॉनमध्ये बाहेर पाठवायचं काम साइडकिक हे मागे चालणारं सॉफ्टवेअर करतं. ते मेलं असलं तरी वेबसाइट छान चालते आणि हजारो निरोप तुंबून राहतात. साइडकिकचे थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) वाढवले, पण डेटाबेसच्या जोडण्या तेवढ्याच ठेवल्या, तरी रांग पुढे सरकत नाही.

लेमीत तुंबण्याचं आणखी एक कारण आहे, ते समजून घेतलं की बराच मनस्ताप वाचतो. ०.१९ आवृत्तीपासून लेमी प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी रांग ठेवतं आणि निरोप क्रमाने पाठवतं. एकाची पोच आली की पुढचा. आता समजा दोन सर्व्हर पृथ्वीच्या दोन टोकांना आहेत आणि एका फेरीला ३०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम तीन निरोप. मोठ्या सर्व्हरवर प्रत्येक मत, प्रत्येक उत्तर हा वेगळा निरोप असतो, त्यामुळे लांबचा सर्व्हर मागे पडतच जातो आणि त्याच्याकडे काहीच बिघडलेलं नसतं. ०.१९.६ मध्ये एकाच वेळी अनेक निरोप पाठवण्याची सोय आली, पण ती पाठवणाऱ्याकडे चालू करावी लागते. अशा वेळी स्वतःचं मशीन मोठं करण्यात पैसे घालू नका. समोरच्या ॲडमिनला नम्रपणे लिहा.

बिघाड नसलेल्या गोष्टी दुरुस्त करत बसणं

"तिकडच्या समूहात शेकडो पोस्ट आहेत, आपल्याकडे रिकामा दिसतो." लेमीत बाहेरचा समूह आपल्या सर्व्हरवर कोणीतरी एकाने सबस्क्राइब केल्यानंतरच नियमित येऊ लागतो, आणि जुना साठा सगळा मागे येत नाही. "मला बाकीच्यांपेक्षा कमी पोस्ट दिसतात." जवळपास नेहमी भाषेची सेटिंग. सदस्याने फक्त आपली भाषा निवडलेली असते आणि 'अनिश्चित' हा पर्याय सुटलेला असतो. भाषा न नोंदवलेल्या सगळ्या पोस्ट त्यामुळे गायब होतात. ही दोन उत्तरं स्वागताच्या पोस्टमध्येच लिहून ठेवा.

दार सताड उघडं, घरात कोणी नाही

फेब्रुवारी २०२४ मध्ये फेडिव्हर्सवर, म्हणजे या जोडलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यावर, स्पॅमची मोठी लाट आली. ती मोठ्या सर्व्हरवरून कमी, आणि नोंदणी खुली सोडून ॲडमिन फिरकतच नाहीत अशा छोट्या सर्व्हरवरून जास्त आली. त्यानंतर मॅस्टोडॉनने ४.२.८ मध्ये सोय केली, की आठवडाभर एकही मॉडरेटर दिसला नाही तर खुली नोंदणी आपोआप मंजुरीवर जाते. सॉफ्टवेअरला हे करायची वेळ येऊ देऊ नका. नोंदणीला एक साधा प्रश्न ठेवा आणि उत्तरं वाचा. ज्या आठवड्यात वाचायला कोणी नाही, त्या आठवड्यात नोंदणी बंद ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.

दुसरीकडे, वैतागून पूर्ण सर्व्हर तोडणं. कधीकधी ते करावंच लागतं. जून २०२३ मध्ये रेडिटवरून लोकांचा लोंढा आला, तेव्हा बीहॉ या लेमी सर्व्हरने लेमी.वर्ल्डसह दोन मोठ्या सर्व्हरांशी संबंध तोडले, कारण तिथली नोंदणी खुली होती आणि इकडे आवरायला हात अपुरे होते. निर्णय कडू होता, पण त्यांनी तो कारणासह जाहीर केला, हे मला महत्त्वाचं वाटतं. मॅस्टोडॉनमध्ये 'मर्यादित' (त्या सर्व्हरच्या पोस्ट फॉलो न करणाऱ्यांपासून लपवणं) आणि 'निलंबित' (पूर्ण तोडणं) यांत मोठा फरक आहे : निलंबनाने दोन्हीकडच्या लोकांचे फॉलो तुटतात आणि नंतर बंदी उठवली तरी ते परत येत नाहीत. रागाच्या भरात ते बटण दाबू नका. आणि सदस्याला 'तुमची पोस्ट सगळीकडून पुसली' असं कधीच सांगू नका. डिलीट ही दुसऱ्या सर्व्हरला केलेली विनंती असते, तो ऐकेलच असं नाही.

डिस्क, बॅकअप, डोमेन

डिस्क भरते ती आपल्या लोकांच्या चित्रांनी कमी, इतरांच्या चित्रांच्या साठवलेल्या प्रतींनी जास्त. भरली की पोस्टग्रेस या डेटाबेसला लिहायला जागा उरत नाही आणि तो थांबतो. मॅस्टोडॉनमध्ये बाहेरची माध्यमं (चित्रं, व्हिडिओ) किती दिवस ठेवायची ते ठरवा आणि डिस्क ऐंशी टक्क्यांवर गेली की ईमेल येईल असं करा.

बॅकअप म्हणजे डेटाबेस, सदस्यांची चित्रं आणि गुप्त किल्ल्यांची सेटिंग फाइल, तिन्ही, आणि तेही दुसऱ्या मशीनवर. किल्ल्यांची फाइल हमखास राहते. मॅस्टोडॉन ४.३ पासून डेटाबेसमधला काही मजकूर कूटबद्ध करायला वेगळ्या किल्ल्या लागतात. त्या हरवल्या तर टू-फॅक्टर (पासवर्डसोबत कोड मागणारं) लॉगिन अडकतं. डेटाबेस गेला म्हणून त्याच डोमेनवर कोरा सर्व्हर उभा करणं ही तर मोठीच चूक. बाकीच्या सर्व्हरांकडे सही तपासायच्या तुमच्या जुन्या सार्वजनिक किल्ल्या असतात, नव्या सह्या त्यांना जुळत नाहीत.

डोमेन हीच तुमची ओळख आहे, ती मागाहून बदलता येत नाही. फुकट मिळतं किंवा छान वाचलं जातं म्हणून कुठल्याही देशाचं डोमेन घेऊ नका. २०२३ मध्ये मालीच्या डॉट-एमएल डोमेनांवर आणि २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या डॉट-एएफवर चालणाऱ्या काही सर्व्हरांची नावं रातोरात गेली.

अपडेट लांबवू नका. जुलै २०२३ च्या एकाच महिन्यात मॅस्टोडॉनमध्ये माध्यमांच्या फाइलमधून शिरता येणारी गंभीर फट सापडली आणि लेमीत कस्टम इमोजीच्या फटीतून लॉगिन टोकन चोरले गेले. सुरक्षेचं अपडेट आलं त्या दिवशीच, बॅकअप घेऊन, करा.

सगळं एकाच्या डोक्यात ठेवणं

२०२४ मध्ये फेडिट.डीई हा जर्मन भाषकांचा लेमी सर्व्हर बंद पडला आणि लोकांना फेडिट.ऑर्ग या नव्या घरी जावं लागलं. हा नवा सर्व्हर एका संस्थेच्या नावावर आहे. जून २०२५ अखेर लेम.ईई हा आणखी एक लेमी सर्व्हर बंद झाला. सांभाळणारी मंडळी थकली होती, पण त्यांनी आधी सांगितलं. मॅस्टोडॉनच्या सर्व्हर करारातल्या अटी मला यासाठी फार शहाण्या वाटतात : रोजचा बॅकअप, अडीअडचणीला सर्व्हरपर्यंत पोचू शकणारी किमान एक दुसरी व्यक्ती, आणि बंद करायचं असेल तर तीन महिन्यांची सूचना.

'दुसरी व्यक्ती' मात्र कागदावर असून भागत नाही. आम्ही एका रविवारी मुख्य ॲडमिनला फोन बंद ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्या ॲडमिनला म्हटलं, "ताई, तू एकटीने नव्या मशीनवर सगळं उभं कर." बॅकअप उतरला, किल्ल्या सापडल्या, डेटाबेस उभा राहिला. शेवटी डोमेन नव्या मशीनकडे वळवायचं, तिथे ती अडली. लॉगिनचा कोड त्या बंद फोनवरच जात होता. त्याच संध्याकाळी आम्ही तिचं नाव डोमेनच्या खात्यात घातलं आणि कोड तिच्या फोनवरही येईल अशी सोय केली.