जुनी गाडी घेऊन मनालीला निघताय? आधी रेडिएटरमधलं पाणी बदला

ठाण्यात आपल्याला गाडीतलं पाणी गोठण्याची सवयच नाही ना, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापते एवढंच माहीत, त्यामुळे पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलेलं असतं आणि इथे ते चालूनही जातं. पण तीच गाडी डिसेंबरात मनालीला रात्रभर उघड्यावर उभी राहिली की संपलं. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि इंजिनचा ओतीव लोखंडाचा ब्लॉक काही ताणला जात नाही, तडा जातो. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल चकत्या बसवलेल्या असतात, त्या कधीकधी आधी बाहेर पडतात आणि ब्लॉक वाचतो, पण त्या भरवशावर राहू नका.

निघायच्या आधी इथेच पाणी काढा, इंजिन पूर्ण थंड असताना. नुसता रेडिएटरचा कॉक, म्हणजे पाणी काढायची तोटी, उघडून भागत नाही हं, ब्लॉकला वेगळा कॉक किंवा बोल्ट असतो, तो गंजाने चोंदलेला असेल तर तारेने टोचा, मग चहासारखं तांबूस पाणी येतं. स्वच्छ होईपर्यंत फ्लश करा, मग इथिलीन ग्लायकॉलवालं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. हे मिश्रण उणे 35 अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. जास्त स्ट्राँग म्हणून नुसतं कूलंट ओतू नका, ते उलट उणे 12-13लाच गोठतं! हीटर असेल तर तो चालू ठेवून भरा म्हणजे जुनं पाणी आत अडकत नाही.

आणि सांडलेलं लगेच धुवा, सोसायटीतली मांजरं चाटतात, विष आहे ते.