क्लोनझिलाने डिस्कची इमेज घेताय? या चुका टाळा

वागळे इस्टेट असो की महापे, छोट्या ऑफिसांत जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं हे आता रोजचंच काम झालंय. त्यासाठी पैसे मोजून सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. तैवानच्या एनसीएचसी या संगणक केंद्रात तयार झालेलं क्लोनझिला मोफत आहे, ओपन सोर्स आहे. ते एका डिस्कवरून थेट दुसरीवर कॉपी करतं, किंवा अख्ख्या डिस्कची नक्कल फाइल्समध्ये साठवून ठेवतं; या नकलेलाच इमेज म्हणतात. त्याच्या कीबोर्डवर चालणाऱ्या मेन्यूची धास्ती वाटत असेल तर रेस्क्यूझिला घ्या, ते माउसने चालतं आणि क्लोनझिलाच्या इमेजही उघडतं.

सगळ्यात महागात पडते ती सोर्स (जिची कॉपी घ्यायची ती डिस्क) आणि टार्गेट (जिच्यावर कॉपी करायची ती) यांची अदलाबदल. स्क्रीनवर ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावं दिसतात, आणि पुढच्या बूटला ती बदलूही शकतात. दोन्ही डिस्क ५०० जीबीच्या असल्या की आकारावरूनही ओळख पटत नाही. यूएसबी केसमध्ये घातलेली डिस्क तर कधीकधी केसचंच नाव सांगते. म्हणून सुरुवात करण्याआधी स्टिकरवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर कागदावर उतरवून ठेवा. क्लोनझिला ‘नक्की ना?’ असं एकापेक्षा जास्त वेळा विचारतं, पण लोक सवयीने वाय-एंटर, वाय-एंटर दाबत सुटतात! माझं ऐकाल तर थेट डिस्क-टू-डिस्क करूच नका. आधी तिसऱ्या डिस्कवर इमेज घ्या. वेळ जास्त जातो, पण गफलत झाली तरी हातात काहीतरी उरतं.

दुसरी तक्रार नेहमीची: ‘डेटा ९० जीबीच आहे, तरी इमेज एवढी मोठी का?’ बहुतेक वेळा कारण बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणारं फीचर. एरवी क्लोनझिला भरलेले ब्लॉकच उचलतं. एन्क्रिप्टेड पार्टिशन मात्र त्याला वाचता येत नाही, मग ते रिकाम्या जागेसकट एकेक सेक्टर कॉपी करत बसतं. बिटलॉकर नुसतं ‘सस्पेंड’ करून भागत नाही, कारण डेटा एन्क्रिप्टेडच राहतो. पूर्ण बंद करा, डिक्रिप्शन संपेपर्यंत थांबा. बिटलॉकरचं कुलूप उघडणारी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवलेली बरी.

१ टीबीच्या डिस्कवरून ५०० जीबीच्या डिस्कवर जाताना क्लोनझिला अडून बसतं, कारण ते डेटा नाही, डिस्कचा आकार बघतं. आधी जीपार्टेड या पार्टिशन बदलणाऱ्या मोफत टूलने सी ड्राइव्ह लहान करा, शेवटी बसलेलं रिकव्हरी पार्टिशन पुढे सरकवा, मग क्लोनझिलाच्या एक्स्पर्ट मोडमध्ये ‘आयसीडीएस’ (-icds) हा डिस्कचा आकार न तपासण्याचा पर्याय निवडा. हे सगळं इमेज हाताशी असेल तरच.

एनटीएफएस (विंडोजचं पार्टिशन) ‘हायबरनेटेड’ असल्याची तक्रार आली तर ती फास्ट स्टार्टअपची करामत; त्यात विंडोज पूर्ण बंद होतच नाही. शिफ्ट दाबून शट डाउन करा. डिस्क दिसतच नसेल तर बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्कसाठी इंटेल आरएसटी मोड आहे का ते पाहा. मात्र विंडोज आधी सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी तयारी न करता तो बदलून एएचसीआय हा साधा मोड केलात, तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून मोकळं होईल.

क्लासमधले वीस पीसी एकदम करायचे असतील तर फॉग प्रोजेक्ट हे नेटवर्कवरून अनेक पीसींवर इमेज टाकणारं मोफत सॉफ्टवेअर बघा. फक्त इन्स्टॉल करताना डीएचसीपीच्या (पीसींना आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) प्रश्नाला डोळे झाकून ‘हो’ म्हणू नका. राउटर आधीच आयपी वाटत असतो. दोघे वाटायला लागले की अख्ख्या क्लासचं नेट गंडतं.

महावितरणचा वीज बंद राहणार असल्याचा मेसेज आलाय, त्या दिवशी हे काम काढू नका. नवी एसएसडी पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढून ठेवा, कारण दोघींची ओळख एकच असते आणि विंडोज गोंधळतं. टॅली, प्रिंटर, डिजिटल सिग्नेचर चालवून बघा, आणि जुनी डिस्क महिनाभर तरी पुसू नका.