चित्रात रोप आहे, म्हणून ते बागेत होतं असं नाही

जुने सचित्र वनस्पतिग्रंथ आणि बियाण्यांचे कॅटलॉग अभ्यासायला घेणारे नवखे बहुतेक एकाच खड्ड्यात पडतात. ग्रंथावर १५९७ साल, आत रोपाचं चित्र, म्हणजे त्या साली ते रोप तिथल्या बागेत होतं, असा हिशेब मांडतात. या एका हिशेबावर अख्खं प्रकरण उभं राहतं आणि मग पाडावं लागतं.

इंग्रज वनस्पतिज्ञ जॉन जेरार्डचा 'हर्बल' बघा. लंडनमध्ये १५९७ ला छापलेला हा ग्रंथ, पण त्यातले चित्रं छापण्याचे बहुतेक लाकडी ठसे फ्रँकफर्टहून आणलेले. जर्मन वनस्पतिज्ञ टॅबर्नेमाँटानसच्या १५९० च्या चित्रसंग्रहात ते आधीच वापरून झाले होते. काही ठसे तर भलत्याच मजकुराशेजारी बसले. थॉमस जॉन्सनने १६३३ ला सुधारित आवृत्ती काढली, तेव्हा ठसे आले अँटवर्पच्या प्लांटँ छापखान्याचे. बटाट्याचं चित्र मात्र जेरार्डच्या मोजक्या नव्या चित्रांपैकी. म्हणजे प्रत्येक चित्राचं कूळ वेगळं शोधावं लागतं, ग्रंथाच्या नावावर सगळं खपवता येत नाही.

म्हणून आधी मजकूर वाचा. लेखक रोप स्वतः लावल्याचं सांगतोय की ऐकीव माहिती देतोय? मग तेच चित्र आधीच्या ग्रंथांत धुंडाळा. फांदीचा बाक डावीउजवीकडे उलटलेला दिसला तर नकलेचा संशय घ्या. छापील चित्र बघून जसंच्या तसं ठशावर कोरलं की छपाईत ते उलटं उमटतं.

नोंदवहीत छापलेलं नाव, तुमची ओळख आणि खात्री किती, असे तीन रकाने ठेवा. ते एकत्र केलेत की संपलं. जर्मन वनस्पतिज्ञ फुक्सच्या १५४२ च्या ग्रंथात मका तुर्की धान्य म्हणून येतो. 'मका' एवढंच लिहिलंत तर छापलेल्या नावातली ती चूक, म्हणजे खरा पुरावा, हातून गेला. १७५३ च्या, म्हणजे लिनियसने दोन शब्दी नावं रूढ करण्याच्या आधीच्या लांबलचक लॅटिन नावांवर आजचं द्विनाम (दोन शब्दी शास्त्रीय नाव) चिकटवण्याची घाई तर नकोच. मोबाइलवरची रोप ओळखणारी ॲप्स इथे निव्वळ करमणूक. त्यापेक्षा दुर्मीळ ग्रंथांचा जुना ग्रंथपाल गाठा, प्राध्यापक नंतर.

बियाण्यांच्या कॅटलॉगमध्येही हाच सापळा, फक्त कपडे बदललेले. एकोणिसाव्या शतकात चित्रांच्या ठशांच्या धातूच्या प्रती विकत मिळायच्या, त्यामुळे तोच कोबी दोन वेगळ्या कंपन्यांकडे वेगळ्या नावाने भेटतो. 'नवीन' हा शब्द वर्षानुवर्षं तसाच छापला जायचा. एका जातीसाठी लागोपाठच्या निदान तीन वर्षांचे अंक लावून बघा. वसंतातल्या पेरणीचा अंक बऱ्याचदा आदल्या हिवाळ्यातच छापलेला असतो, तेही ध्यानात ठेवा.

रंगांचं फार मनावर घेऊ नका, सगळेच गोंधळतात. १७८७ ला सुरू झालेल्या कर्टिसच्या इंग्रजी वनस्पती-मासिकातली चित्रं १९४८ पर्यंत हाताने रंगवली जात, त्यामुळे दोन प्रतींत छटा वेगळ्या निघणारच. पांढरी पाकळी करडी-काळी दिसली तर बहुधा शिशाचा पांढरा रंग काळवंडलाय. दहापट भिंगाखाली बघा. ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर ती छपाई, कुंचला नव्हे.

आणि सुटं पान कधीच पुरावा म्हणून धरू नका. विक्रेते ग्रंथ फाडून चित्रं विकत आले आहेत. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात पूर्ण खंड उघडा आणि मुखपृष्ठापासून पानं उलटत त्या चित्रापर्यंत या.