रेअर अर्थयुक्त मॅग्नेशिअमची गरम दाबचाचणी कशी घ्यावी

खानदेशातील अभियांत्रिकीच्या ज्या विद्यार्थ्यांना मॅग्नेशिअमच्या मिश्रधातूंवर प्रकल्प करायचा आहे, त्यांनी गरम दाबचाचणीत, म्हणजे तापवलेला नमुना दाबून त्याला लागणारा भार मोजताना, एझेड ३१ (ॲल्युमिनिअम व जस्त असलेला मिश्रधातू) साठी ठरलेले तापमान डोळे झाकून डब्ल्यूई ४३ या रेअर अर्थयुक्त मिश्रधातूला लावू नये. डब्ल्यूई ४३ मध्ये यट्रियम सुमारे ४ टक्के आणि निओडिमिअमसह इतर रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) मूलद्रव्ये सुमारे ३ टक्के असतात. या मूलद्रव्यांचे मोठे अणू कणसीमांवर, म्हणजे धातूतील स्फटिककणांच्या सीमांवर, जमून नव्या कणांची निर्मिती व वाढ मंदावतात, त्यामुळे त्याच तापमानाला हा मिश्रधातू दाबण्यास बराच अधिक भार लागतो.

म्हणून घातलेले रेअर अर्थ धातूत विरघळलेले आहे की संयुगांच्या रूपात पडून आहे, हे आधी तपासावे. मॅग्नेशिअममध्ये यट्रियम जास्तीत जास्त सुमारे १२ टक्के आणि निओडिमिअम साडेतीन टक्क्यांच्या आसपास विरघळते. सीरिअम मात्र एक टक्काही विरघळत नसल्याने त्याचा बराचसा भाग ठिसूळ संयुगांत जातो. मिश्रधातूत ॲल्युमिनिअम असल्यास रेअर अर्थ त्याच्याशीच संयोग पावते, आणि मग विरघळलेल्या अणूंच्या परिणामाची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. रेअर अर्थ विरघळून तसेच राहावे म्हणून ओतीव डब्ल्यूई ४३ आर्गॉनच्या आवरणात ५२५ अंश सेल्सिअसला ८ तास ठेवून पाण्यात थंड करावा.

त्यानंतर लेथवर १० मिलिमीटर व्यासाचे आणि १५ मिलिमीटर उंचीचे नमुने धारदार हत्याराने काढावेत व कीस साचू देऊ नये. किसाने पेट घेतल्यास पाणी कदापि मारू नये, कोरडी वाळूच टाकावी. पावसाळ्यात तापीकाठच्या वाळूची बादली उघडी राहिली तर ती वाळूही ओलीच असते, याचे भान ठेवावे.

नमुन्याच्या दोन्ही टोकांना ग्राफाइट लावून ३५० ते ५०० अंशांदरम्यान, सेकंदाला ०.००१ ते १ या विकृती-दराने (नमुन्याचा आकार बदलण्याच्या वेगाने) चाचण्या घ्याव्यात आणि दाब संपताच नमुना पाण्यात टाकावा. उशीर झाल्यास नंतर घडलेले पुनःस्फटिकीकरण (जुन्या कणांच्या जागी नवे कण तयार होणे) दाबताना घडल्यासारखे दिसते.

ताण-विकृती आलेखातील शिखरानंतरची घसरण लगेच पुनःस्फटिकीकरणाच्या खाती टाकू नये. वेगवान चाचणीत नमुना आतून तापल्यानेही आलेख घसरतो आणि नमुन्यावर ४५ अंशांत तिरकी गेलेली चीर हेही कारण असू शकते. चाचण्यांवरून काढलेली सक्रियन ऊर्जा (धातूचा आकार बदलण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा) मोलमागे २०० किलोज्यूलांच्या वर आली तर बिचकू नये. शुद्ध मॅग्नेशिअमच्या स्वविसरणाचा (त्याच्याच अणूंच्या आतल्या आत सरकण्याचा) सुमारे १३५ किलोज्यूल हा आकडा येथे लागू पडत नाही. सूक्ष्मदर्शकासाठी नमुना अक्षाच्या दिशेने कापून मध्यभागच पाहावा, कारण पिंपासारख्या फुगलेल्या कडांशी आणि टोकांशी विकृती निराळी असते.